कुवेतमध्ये तैनात असलेल्या मुलाला दिवाळीचा फराळ कसा पाठवू?

न्यूजर्सीची काकू

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा अमेरिकेच्या सैन्यात आहे. कॉलेज संपवून सरळ भरतीच्या ऑफिसात गेला आणि सही करून आल्यावर आम्हाला सांगितलं. त्यावरून घरात जे व्हायचं ते होऊन गेलंय, त्याचा वेगळा धागा कधीतरी काढेन. सध्या तो नऊ महिन्यांसाठी कुवेतला आहे. तळ कुठला, युनिट कुठलं, हे इथे लिहीत नाही. त्यानेच दम दिलाय.

तर दिवाळीचा फराळ पाठवायचाय. भाजणीच्या चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, करंज्या आणि अनारसे. मी मूळची चिपळूणची, त्यामुळे चिवड्यात सुक्या खोबऱ्याचे काप भरपूर. अनारशांवर त्याचा भारी जीव. लहानपणी डब्यातले खालचे अनारसे आधी संपायचे, वरचा थर तसाच ठेवून.

अडचणी अशा. त्याने पाठवलेला पत्ता बघून मी चक्रावले. नाव, हुद्दा, कसला तरी युनिट नंबर, मग एपीओ एई आणि पाच आकडी झिप. ना गाव, ना देश. हे म्हणतात पोस्टाच्या नादी लागूच नकोस, खाजगी कुरिअरने थेट कुवेतला पाठव, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. खरं काय?

दुसरं, आमच्या मराठी मंडळाला कुणकुण लागली आणि आता त्यांना त्याच्या अख्ख्या प्लाटूनला फराळ पाठवायचाय. चाळीसेक खोकी. अध्यक्षांनी तर ‘सीमेवरील जवानांना मंडळाची भेट’ असा मजकूर छापायलाही टाकला. कुवेतमध्ये कुठली आलीय सीमा, पण असो.

तिसरं, पितळेचा बोटभर गणपती आणि लक्ष्मीपूजनाचं थोडं सामान द्यावं असं मनात आहे. मुसलमान देश, त्यामुळे खोकं अडकणार तर नाही ना?

खिडकी नंबर तीन

काकू, मी नागपूरचा. गेली बरीच वर्षं टेक्सासात पोस्टाच्या खिडकीवर बसतो. आमच्या गावाला लष्कराचा तळ चिकटून आहे. ऑक्टोबर उजाडला की निम्मी रांग तुमच्यासारख्या आयांची असते, त्यामुळे हे प्रश्न मला पाठ झालेत.

पत्ता अगदी बरोबर आहे. एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस, आरमाराचं असेल तर एफपीओ. एई म्हणजे युरोप, आखात, आफ्रिका हा पट्टा, एपी म्हणजे पॅसिफिक. पुढचं सगळं तो झिप सांभाळतो. हे टपाल शिकागोच्या केंद्रात गोळा होतं आणि तिथून सैन्याच्या ताब्यात जातं. म्हणून तर त्याला दर देशातल्या देशातला लागतो. आणि म्हणूनच हात जोडून सांगतो, पत्त्याखाली ‘कुवेत’ लिहू नका. काळजीपोटी बायका खाली देशाचं नाव घालतात, मग ते खोकं परदेशी टपालाच्या वाटेला लागतं आणि तिकडच्या नागरी पोस्टात हिंडत बसतं.

माझे मोठे काका कामठीला आर्मी पोस्टल सर्व्हिसच्या सेंटरवर होते. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ हे आकडे आमच्या घरात गोत्रासारखे ऐकलेले. तिकडेही हीच रीत. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, ५६ एपीओ, संपलं. ५६ चं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसात जायचं, ९९ चं कोलकात्याला. पलटण लडाखात आहे की जैसलमेरला, ते पाकिटावर कुठेच नसायचं. पाकीट कोणाच्या हाती पडलं तरी त्यातून पलटणीचा ठावठिकाणा कळू नये, हा त्यातला मतलब.

काकांना सांगा (तुमच्या यजमानांना म्हणतोय), खाजगी कुरिअर एपीओला जात नाही. कुरिअरवाल्याला तळाच्या फाटकातून आत सोडणार कोण?

आता खोकं. पोस्टात फ्लॅट रेटची खोकी फुकट मिळतात, त्यातलं एक मोठं खोकं खास एपीओ-एफपीओसाठी असतं, नेहमीच्या मोठ्या खोक्यापेक्षा थोडं स्वस्त. ७० पौंडांपर्यंत कितीही कोंबा, दर तोच. लाडवांसारख्या जड मालाला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पोस्टाच्या वेबसाइटवर सैनिकांच्या घरच्यांसाठी एक किट असतं, खोकी, चिकटपट्टी, लेबलं, कस्टमचे फॉर्म असं सगळं फुकट घरपोच येतं. पैसे फक्त खोकं पाठवताना. ग्राउंडने, म्हणजे पोस्टाच्या सावकाश सेवेने टाकाल तर स्वस्त पडेल, पण महिना-सव्वा महिना धरून चाला. प्रायॉरिटीने, म्हणजे जलद सेवेने दोनेक आठवडे, कधी तीन. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, तेव्हा कोजागिरीच्या आत खोकं माझ्यासारख्या कोणाच्या तरी खिडकीवर आलं पाहिजे. त्याच्या पुढे नाताळची गर्दी सुरू होते.

दर देशातला असला तरी कस्टमचा फॉर्म लागतोच. घरी बसून ऑनलाइन भरा. नाहीतर खिडकीवर २९७६-आर नावाचा कागद भरून द्या, आम्ही संगणकात चढवतो. त्यात ‘गिफ्ट’ एवढंच लिहून चालत नाही. ‘फराळ’ तर मुळीच नको. ‘घरगुती बिस्किटं, तळलेला कोरडा खाऊ, २ पौंड’ असं इंग्रजीत स्वच्छ लिहा. सात वस्तू असतील तर साती लिहा. फॉर्म भरताना कंटाळा केलेली खोकीच पुढे उघडली जातात, असं आपलं माझं निरीक्षण.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं. आखातातल्या एपीओंना काही गोष्टी बंद आहेत: दारू, डुकराचं मांस, अश्लील मासिकं. इस्लामविरोधी ठरेल असं धार्मिक साहित्य ठोकभावात पाठवायला बंदी आहे, पण ज्याच्या नावाने खोकं आहे त्याच्या स्वतःच्या वापरापुरतं चालतं. बोटभर गणपती बिनघोर पाठवा. फक्त मंडळाने पन्नास गणपती एकाच खोक्यात घातले तर मी काही हमी देणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सामानातून कापूर काढा. तो ज्वालाग्राही पदार्थांच्या यादीत आहे, विमानाने जाणाऱ्या टपालात घालता येत नाही. काड्यापेटी, अत्तर तेही नाही. उटणं चालेल, पण दुकानातलं सीलबंद पाकीट. घरचं उटणं पिशवीत बांधून पाठवलंत, तर तपकिरी भुकटीची पुडी बघून तिकडचा माणूस काय समजेल याचा विचार करा. दिवे पाठवायचे तर साध्या एए सेलवर चालणारी माळ, सेल बाहेर काढून वेगळे गुंडाळलेले. मेणाच्या पणत्या पोचेपर्यंत पणत्या राहत नाहीत.

माउथवॉशच्या बाटलीत काय भरून पाठवतात तेही आम्हाला ठाऊक असतं. हे तुम्हाला नाही, वाचणाऱ्या भावा-मित्रांना.

बगरामचा चिवडा

काकू, सगळं नंतर, आधी एक महत्त्वाचं. खसखस नको. अनारसे थांबवा.

मी मावनी योजनेतून भरती झालो होतो. २००९ मध्ये सुरू झाली होती ती, ग्रीन कार्ड नसलेल्यांना काही खास कौशल्यांवर सैन्यात घ्यायचे. २०१६ नंतर नवी भरती बंद झाली. मी तेव्हा विद्यार्थी व्हिसावर होतो. अफगाणिस्तानात बगरामला राहून आलो, आता बाहेर आहे. सैन्यात कधीही, कुठेही लघवीची तपासणी होते, नाव निघालं की बाटली हातात. खसखशीच्या दाण्याला अफूच्या बोंडातलं मॉर्फिन-कोडीन थोडंफार चिकटलेलं असतं आणि काही मालात ते तपासणीत दिसण्याइतकं निघतं. २०२३ च्या फेब्रुवारीत संरक्षण खात्याने लेखी सूचनाच काढली की सैनिकांनी खसखस घातलेलं काही खाऊ नये. त्यांच्या डोळ्यासमोर बेगल आणि केक होते, अनारसे नव्हते, पण तुमच्या पोराचा नमुना प्रयोगशाळेत गेला तर तिथे फरक कोण करणार? नंतर कागदपत्रं दाखवून सुटेलही, पण मधले महिने फार वाईट जातात. शिवाय आखातातल्या सौदी, अमिराती अशा देशांत खसखस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

तेव्हा अनारसे थापायचेच असतील तर तिळावर थापा. करंजीच्या सारणात आपल्याकडे भाजून कुटलेली खसखस असते, तीही वगळा. डिंकाचे लाडू करत असाल तर त्यातही बघा. घरच्या मसाल्यात असतेच, म्हणून मसाला पाठवायचा विचार असेल तर सोडा. आयुर्वेदिक चूर्णं, गुट्या, ‘शक्तीचं’ काहीही नको. सैन्याची वर्ज्य घटकांची स्वतःची यादी असते आणि आपल्या डब्यांवर घटक धड छापलेले नसतात.

आता पोराला काय हवं असतं ते. कुवेतमधली मोठी तळं म्हणजे रानात तंबू नव्हे. मेस आहे, दुकान आहे, एसी आहे. उपाशी नाहीये तो. खोकं हवं असतं ते वेगळ्या कारणाने. रोज तेच ताट, तीच अंडी, तेच चिकन. आम्हाला अनोळखी लोकांकडून खोकी यायची, त्यात टूथब्रश, हॉटेलातल्या शांपूच्या बाटल्या आणि ओल्या टिश्यूंचे गठ्ठे. भावना चांगली, पण एका तंबूला किती टूथब्रश लागतात? उरलेलं सगळं चॅप्लनच्या (सैन्यातल्या पाद्र्याच्या) ऑफिसबाहेरच्या टेबलावर जाऊन पडायचं. ज्याला हवं त्याने घ्यावं.

माझ्या आईने इचलकरंजीहून बहिणीकडे टेनेसीला भडंग पाठवली, बहिणीने ती एपीओला टाकली. माझ्या शेजारच्या खाटेवर केंटकीचा एक पोरगा होता, त्याने त्यात टबॅस्को (तिकडचा तिखट सॉस) ओतून चमच्याने खाल्ली. पुढच्या वेळी खोकं आलं तेव्हा मी कात्री शोधेपर्यंत हा चमचा घेऊन उभा. तर सांगायचं म्हणजे, पाठवाल ते त्याच्या एकट्यासाठी नसतं. चकल्या, शंकरपाळी, चिवडा जास्त पाठवा. जे चार लोकांत हात घालून खाता येतं ते.

चिवड्यातलं खोबरं मात्र काढा हो. चिपळूणच्या माणसाला हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण खोबरं आणि शेंगदाणे उकाड्यात सगळ्यात आधी खवट होतात. कुवेतच्या मित्रिबाहला २०१६ च्या २१ जुलैला ५३.९ अंश नोंदलेत. ऑक्टोबरात तेवढं नसतं, तरी दुपारी पस्तीसच्या वर जातंच, आणि धावपट्टीकडेला उभ्या लोखंडी कंटेनरच्या आत काय होत असेल ते बघा. शेंगदाण्यांचं दुसरं कारणही आहे. त्याच्या युनिटात एखाद्याला ॲलर्जी असते आणि आपली पोरं ‘खा रे खा’ म्हणत वाटतात. प्रत्येक पिशवीत इंग्रजीत घटकांची चिठ्ठी घाला.

बेसनाचे लाडू तूप थोडं आखडतं घेऊन वळा आणि एकेक वेगळा गुंडाळा, नाहीतर त्याला एक मोठा लाडू मिळेल. साबण, उटणं, फूट पावडर असलं काही खाण्याबरोबर एका खोक्यात ठेवू नका. ठेवायचंच तर दोन-दोन झिपच्या पिशव्यांत बंद करून. लव्हेंडरच्या वासाची चकली खाल्ली आहे मी, आईचा फोन आला तेव्हा छान होती म्हणालो.

खाण्याशिवाय: जाड पायमोजे (काळे किंवा हिरवे, रंगीत चालत नाहीत), ओठांना लावायचं मलम, डोळ्यांत घालायचे थेंब कारण वाळू, पाण्यात टाकायच्या सरबताच्या एकेरी पुड्या. आणि हाताने लिहिलेलं पत्र. फोनवर रोज बोलत असलात तरी.

मंडळाचं. चाळीस खोकी ‘कोणाही जवानास’ म्हणून पाठवता येत नाहीत. पूर्वी यायची, २००१ च्या ऑक्टोबरात अँथ्रॅक्सची पाकिटं निघाल्यावर तो प्रकार बंद केला तो कायमचा. प्रत्येक खोक्यावर खऱ्या माणसाचं नाव लागतं आणि चाळीस पोरांची नावं तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणं हे त्याच्या वरिष्ठांना मुळीच आवडणार नाही. त्याच्या नावाने दोन किंवा तीन खोकी पाठवा, वाटायचं तो बघेल. त्यापेक्षा जास्त नको. युनिटचं टपाल आणणारासुद्धा कुणीतरी पोरगाच असतो, गाडीतून खोकी तो एकटा उतरवतो आणि मग शिव्या तुमच्या लेकाला. अध्यक्षांचा उत्साह उरलाच तर सैनिकांना भेटी पाठवणाऱ्या ऑपरेशन ग्रॅटिट्यूडसारख्या संस्था आहेत, त्यांच्याकडे पत्रं आणि बंद पाकिटातल्या वस्तू देता येतात. घरी केलेलं खाणं अनोळखी माणसांकडून असल्या संस्था घेत नाहीत, ते साहजिक आहे.

फौजीण, सातारा

ताई, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. आमचे हे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर काँगोला होते, गोमाच्या बाजूला. जिथं तो न्यीरागोंगो ज्वालामुखी २०२१ च्या मे महिन्यात फुटला, तो भाग. हे त्याच्या आधीच परत आले होते, पण बातमी बघताना मला ताप भरला.

आमचं पार्सलाचं तंत्र निराळं होतं. सुट्टीवर आलेला माणूस परत निघाला की त्याच्या बॅगेत. कोण निघालाय हे बायकांना नवऱ्यांच्या आधी कळायचं. एका माणसाकडे पाच घरच्या पुड्या. मग घरोघरी फोन, तुमचं किती, आमचं किती, कुणी जास्त भरलं की रुसवेफुगवे. त्यामुळे वजनात हलकं आणि चवीला जोरदार एवढंच बघायचं. मी मेतकूट, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी आणि आमसुलं द्यायचे. तिकडं वरण-भात, रोटी-भाजी सगळं मिळायचं, रेशन चांगलं असतं. पण मेसचं जेवण सगळ्या देशातल्या पोरांना चालेल असं बेतलेलं, आपलं तिखट कुठनं येणार? भातावर चिमूटभर मेतकूट पडलं की झालं, असं हे सांगायचे.

लाडू एकदाच दिले. ज्याच्या बॅगेतून दिले त्यानं नैरोबीला विमान चुकल्यावर खाल्ले म्हणे. माझं काही म्हणणं नाही, भुकेलेल्यानं खाल्ले. पण लोणचं कधीच देऊ नका, दुसऱ्याच्या युनिफॉर्मवर तेल सांडलं तर वर्षभर त्याच्या बायकोला तोंड दाखवता येत नाही.

खसखशीचं ऐकून नवल वाटलं. आमच्याकडं असलं कुणी कधी विचारलं नाही.

न्यूजर्सीची काकू

तिघांचेही मनापासून आभार. खसखशीचं वाचल्यावर मी उठून आधी कपाटातली बरणी मागच्या फळीवर सरकवली. दोन किलो आणून ठेवली होती! तिळावरचे अनारसे घाणा घालून बघितले, मोडले नाहीत. चव त्याला आवडेल का माहीत नाही. न सांगता पाठवणार आहे.

ह्यांना कुरिअरचं वाचून दाखवलं. “मग ठीक आहे” म्हणाले, म्हणजे पटलं.

अध्यक्षांशी बोलणं झालं. तीन खोकी हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला, कारण चाळीस खोक्यांसमोर फोटो काढायचं ठरलं होतं. शेवटी माझ्या ओट्यावर चार जणी चकल्या पाडायला येणार यावर तडजोड झाली. फोटो चकल्यांचा काढतील. छापलेला मजकूर खोक्यात घालणार नाही.

फौजीणताई, मेतकुटाची कल्पना फार आवडली. आज भाजायला घेते.

एक राहिलं. लेकाने काल विचारलं की तो मला उलट पत्र पाठवू शकतो का, तिकिटं कुठे मिळतील. पोस्टात काही सोय असते का?

खिडकी नंबर तीन

तिकीट लागत नाही. जो भाग लढाईचा म्हणून या सवलतीसाठी ठरवलेला आहे, तिथल्या सैनिकांना साधं पत्र फुकट पाठवता येतं. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात, तिकिटाच्या जागी, स्वतःच्या हाताने ‘फ्री’ असं इंग्रजीत लिहायचं आणि डावीकडे स्वतःचा पूर्ण एपीओ पत्ता. त्याच्या जागेला ही सवलत आहे का, ते तिथल्या टपाल खोलीत एका मिनिटात सांगतील. फक्त पत्रालाच बरं का, पार्सलला नाही.

आणि मेतकूटही उटण्यासारखीच संशयास्पद भुकटी दिसते. घरचं भाजलेलं असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बरणीत भरा, वर लेबल चिकटवा, फॉर्मवर ‘भाजलेल्या डाळींचं पीठ, मसाला घातलेलं’ असं लिहा. वजन पौंड-औंसात. मागच्या दिवाळीत एका आजींनी सगळा फॉर्म पावशेर-अर्धाशेरात भरून आणला होता, रांग थांबवून दोघांनी मिळून हिशोब केला.